खाटल्यावरचा हरी आणि केडगावचा हिशेब

देवावर भरवसा ठेवणाऱ्याला गप्प करायला मराठीत फार कष्ट पडत नाहीत. ‘असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी’ एवढे म्हटले की सभा हसते, समोरचा आळशी ठरतो आणि पुढचा युक्तिवाद करायची गरजच उरत नाही. व्याख्यानांत, परिसंवादांत, जेवणानंतरच्या वादावादीत हा प्रयोग मी इतक्यांदा पाहिला आहे की म्हण पुरी व्हायच्या आतच मला हशा ऐकू येतो. आरोप थोडक्यात असा: ‘देव पुरवील’ म्हणणारा माणूस हात आणि डोके दोन्ही गुंडाळून ठेवतो, आणि ही बुद्धीची रजा शेवटी जिवावर बेतते.

यासाठी एक उदाहरणही दिले जाते. ते खरोखर भयंकर आहे, म्हणून टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही.

अनंतशास्त्री डोंगरे हे सह्याद्रीच्या रानात गंगामूळला आश्रम थाटून राहिलेले विद्वान ब्राह्मण. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला, तरी ते मागे हटले नाहीत. पुढे पैसा सरला आणि बायकामुलांना घेऊन ते तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडू लागले. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा या कुटुंबाने होते नव्हते ते विकले. दागिने गेले, भांडी गेली, चांगली वस्त्रे गेली. आलेला पैसा दानधर्मात आणि देवापुढे गेला. स्नाने, उपास, प्रदक्षिणा, पारायणे, सारे शास्त्रात सांगितल्याबरहुकूम झाले. शेवटचा तांदूळ संपल्यावर ही मंडळी रानात शिरली आणि अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर राहिली. म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या शास्त्रीबुवांनी जलसमाधी घ्यायचे मनाशी ठरवले. पुढे ते तापाने गेले. मग आई गेली, मग थोरली बहीण. उरली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा. ही रमा म्हणजेच पंडिता रमाबाई, आणि हे सगळे आपल्याला ठाऊक आहे ते त्यांनीच लिहून ठेवले म्हणून.

‘बघा, भक्तीने मारले,’ असा निकाल इथे दिला जातो आणि वक्ता पाणी प्यायला थांबतो. पण ज्या बाईच्या साक्षीवर हा खटला उभा आहे, तिची साक्ष पुरी ऐकून घ्यायला काय हरकत आहे? आपल्या घराचा घात कशाने झाला याचे निदान रमाबाईंनी स्वतः केले आहे. त्या सांगतात की कुठलाही धंदा, कुठलेही अंगमेहनतीचे काम आम्हाला येत नव्हते, आणि ते शिकायला खाली वाकावे तर जातीचा आणि विद्येचा गर्व आड आला; नाहीतर आईबाप वाचले असते. बाप पाण्यात उतरायची भाषा करू लागला तेव्हा श्रीनिवास म्हणाला, मी जातीचा अभिमान सोडतो आणि मिळेल ते काम करतो. त्या घरात खाटले असेल तर ते विद्वत्तेचे होते. अनंतशास्त्र्यांच्या तोडीचे संस्कृत त्या काळी थोड्यांनाच येत असेल. त्या विद्येच्या बळावर आपण तरू हा त्यांचा हिशेब होता, आणि तो माणसाच्या बुद्धीवर विसंबण्याचाच एक प्रकार होता.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. त्या कुटुंबाचा भरवसा देवावर होता की पुण्याच्या दरपत्रकावर? इतक्या प्रदक्षिणा, इतके दान, मग अमुक फळ. अटी पुऱ्या केल्या की देवाने माल पोचवायचा. हे दरपत्रक माणसांनी तयार केले आणि त्यावरची दक्षिणाही माणसांनीच घेतली. रमाबाईंनी यातून त्या देवांवरचाच विश्वास उडाल्याचे लिहिले. मी स्वतः ख्रिस्ती असूनही त्यांच्या मागोमाग तिथवर जात नाही, कारण हेच दरपत्रक आमच्या व्यासपीठांवरही टांगलेले मी पाहतो. ‘देवाच्या कामात बी पेरा, शंभरपट कापणी घ्या’ म्हणत पाकिटे फिरवणारे उपदेशक आणि नवसाचा भाव सांगणारे बडवे यांच्यात मला तरी फरक करता आलेला नाही. दोघेही देवाला आपल्या गणितात बसवतात. याउलट तुकोबांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते. तिथे देवाकडून येणे काढण्याची गोष्टच नाही. लोकांकडचे येणे होते, तेच सोडून दिले.

आता ज्या शहाणपणाची बाजू घेऊन ही थट्टा होते, त्याने त्या दुष्काळात काय दिवे लावले तेही पाहू. १८७३-७४ साली बिहार-बंगालमध्ये टंचाई पडली तेव्हा सर रिचर्ड टेम्पल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, सढळ हाताने वाटला आणि भूकबळी फारसे पडू दिले नाहीत. या कामगिरीबद्दल त्यांना शाबासकी मिळायला हवी होती. मिळाली ती उधळेपणाबद्दल टीका. बाजाराचे नियम जाणणाऱ्या लंडनच्या शहाण्यांना हा खर्च बुद्धीला सोडून वाटला. तेच टेम्पल १८७७ च्या आरंभी मद्रासच्या दुष्काळावर आले तेव्हा धडा शिकून आले होते. दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, असा दर त्यांनी ठरवला. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी, आणि त्यावर दिवसभर खडी फोडायची. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश ओरडून सांगत होते की एवढ्यावर काम करणारे शरीर टिकत नाही. तरी दर लावला गेला. त्या दुष्काळात माणसे लाखोंनी मेली.

हे सगळे कुणा अडाण्याने केलेले नव्हते. आकडे होते, तक्ते होते, अर्थशास्त्र होते, कलकत्त्याहून लंडनपर्यंत तारायंत्र होते. ‘भक्तीने तीन माणसे मारली’ म्हणणाऱ्याने हेही म्हणावे की त्याच इलाख्यात, त्याच दशकात, हिशेबाने लाखो मारली. यावरून बुद्धी टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. डॉ. कॉर्निश यांचीही बुद्धीच होती. माणसाची बुद्धी आपल्या सोयीचे तेवढे बघते, आणि तिच्यावर सगळा भार टाकणारा तिच्या सोयीवरही भार टाकतो, इतकेच माझे म्हणणे आहे.

रमाबाईंची गोष्ट १८७० च्या दशकात संपत नाही. ती तिथे संपवणे हीच या वादातली मोठी लबाडी आहे.

मधली वर्षे वाचकांना माहीत असतील: कलकत्त्यात मिळालेली पंडिता ही पदवी, लग्न, थोड्याच काळात आलेले वैधव्य, १८८३ मध्ये इंग्लंडात घेतलेला बाप्तिस्मा, अमेरिकेचा दौरा, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी उघडलेले शारदा सदन. ते पुढे पुण्याला आले. अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षे खर्च चालवायची हमी दिली होती. दहा वर्षे झाली की पुढचे कोण बघणार, हा प्रश्न त्या बाईंनी आधीच हेरला आणि पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळबाग लावली. बागेचे उत्पन्न येईल आणि सदन चालेल, हा त्यांचा आडाखा. आता मला सांगा, खाटल्यावर पडलेली बाई विहिरी खणते का?

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात मुली उपाशी मरत होत्या आणि त्यांना पळवणारेही मोकाट फिरत होते. रमाबाई स्वतः तिथे गेल्या, सरकारी दुष्काळी छावण्या आणि अनाथगृहे पाहिली, आणि शेकडो मुलींना घेऊन परतल्या. कुठलाही शहाणा सल्लागार म्हणाला असता की बाई, थांबा. जागा नाही, पैसा नाही, अमेरिकेचा पैसा आहे तो ठरावीक कामासाठी. त्यातच पुण्यात प्लेग आला आणि नव्या मुली शहरात ठेवायला बंदी झाली. मुलींना केडगावच्या माळावर, झाडांखाली आणि घाईने उभ्या केलेल्या छपरांत ठेवावे लागले. त्या मुली कशा अवस्थेत होत्या याचे वर्णन वाचवत नाही. अंगावर गळवे, डोक्यात उवांचे थर, पोटे फुगलेली, आणि अन्न समोर आले की झडप घालायची सवय. त्यांचे केस कापायचे, अंगे धुवायची, थोडेथोडे भरवायचे, कारण उपाशी पोटाला एकदम जेवण मानवत नाही. आणलेल्यांपैकी कित्येक जगल्या नाहीत. विश्वासाने सारे वाचतात असा दावा रमाबाईंनी केला नाही, मीही करत नाही.

पण या पहिल्या पावलाचा हिशेब मांडून दाखवा. तो मांडताच येत नाही. हातात काय आहे ते आधी मोजून मग किती मुली घ्यायच्या ते ठरवायचे, हा व्यवहार. दारात किती मुली आहेत ते बघायचे आणि पुरवणारा पुरवील म्हणायचे, हा भरवसा. त्या काळात रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र वाचले होते आणि त्याचा ठसा त्यांच्यावर होता. म्युलरने १८३६ पासून अनाथांची घरे चालवली. कुणा माणसाकडे तोंडाने पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचे नाही, देवाकडे मागायचे, हा त्याचा नेम. त्याच्या हयातीत दहा हजारांवर मुले त्या घरांत वाढली.

१८९९-१९०० ला गुजरात-राजपुतान्यात छप्पनिया दुष्काळ पडला आणि केडगावचा आकडा दीड-दोन हजारांच्या घरात गेला. तोवर दहा वर्षांची हमी संपली होती, आणि केडगावच्या या नव्या संस्थेला, मुक्तीला, तशी हमी कुणी कधी दिलीच नव्हती. एवढ्या माणसांना दोन वेळ खायला घालणे म्हणजे रोजचे एक लग्न. ते लग्न कसे निघाले? हातमाग बसले, तेलाचा घाणा बसला, शेती आणि दुभती जनावरे आली, शिवण आली, छापखाना आला. मुली टाइप जुळवायला शिकल्या, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर पुढे त्याच छापखान्यात बायकांच्या हातांनी छापले गेले. बापाच्या घरात जी गोष्ट शिकायची राहिली होती, ती इथे प्रत्येक मुलीला शिकवली गेली: हाताने काम करणे. बापाच्या मरणातून लेकीने काढलेला निष्कर्ष ‘देव सोड, बुद्धी धर’ असा साधा नव्हता. तिने गर्व सोडला, देव धरला आणि बुद्धी कामाला लावली.

केडगावच्या विहिरींची एक कथा मुक्तीच्या परंपरेत सांगतात. दुष्काळात रोज संध्याकाळी पाणी तळाला जायचे, प्रार्थना व्हायची, आणि सकाळी पुन्हा पुरेल इतके पाणी असायचे. ही कथा मी पुरावा म्हणून पुढे करत नाही. झरा रात्रभर पाझरला असेल असे कुणी म्हटले तर मी भांडणार नाही. पाझरवणारा कोण यावर आमचे भांडण होईल, पण ते सावकाश करू. मला त्या कथेत एवढेच दिसते की विहिरी आधी खणलेल्या होत्या.

यावर नेहमीचा टोला येतो: पैसा आकाशातून पडला नाही, विलायतेतल्या आणि अमेरिकेतल्या देणगीदारांनी दिला, मग ‘देवाने पुरवले’ कशाला म्हणता? टोल्यात तथ्य आहे. म्युलर मागत नसे, पण दरवर्षी अहवाल छापत असे. मुक्तीच्या बातम्याही छापून परदेशी जात. हालहवाल कळवणे हेही एक मागणेच झाले, हे मान्य करून टाकू. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण देवाचा पुरवठा माणसांच्या हातून येतो, हे श्रद्धावंतांनी नाकारले आहे कधी? दामाजीपंतांच्या कथेत देव विठू महार होऊन थैली घेऊन येतो, तोसुद्धा माणसाच्या रूपातच. प्रश्न हात कुणाचे हा नाही. बोस्टनमधल्या कुठल्या बाईला कुठल्या महिन्यात केडगाव आठवेल, हे कुणाच्याही अंदाजपत्रकात मावत नव्हते. ते न मावणारे जे होते, त्यावर रमाबाईंनी पाऊल टाकले.

आपण सगळेच ते टाकतो, फक्त कबूल करत नाही. आयुर्विमा महामंडळ १९५६ साली स्थापन झाले आणि त्याने आपल्या बोधचिन्हाखाली ब्रीद घेतले ते गीतेच्या नवव्या अध्यायातल्या बाविसाव्या श्लोकातले. अनन्यभावाने भजणाऱ्यांचा भार मी वाहतो, हे भगवंताचे आश्वासन आज हप्त्याच्या पावतीवर छापून येते. विम्याचे गणित पक्के असते यात शंका नाही. हजारांतले किती मरतील ते त्याला सांगता येते. त्या किती जणांत मी आहे का, हे सांगता येत नाही, आणि नेमका तिथे श्लोक लागतो.

आता दोन शब्द आमच्याच मंडळींना, कारण थट्टेला दारूगोळा तेच पुरवतात. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात परमेश्वरावर पूर्ण भाव ठेवावा, आपल्या बुद्धीवर टेकू नये, असे सांगितले आहे. ते वाक्य भिंतीवर टांगून डॉक्टरकडे न जाणारे, पोरांच्या शिक्षणाचा विचार न करणारे, जमाखर्च न ठेवणारे लोक मला ठाऊक आहेत. त्यांनी ते पुस्तक पुढे वाचले असते तर बरे झाले असते. तेच पुस्तक आळशाला मुंगीकडे धाडते, खोट्या तराजूचा धिक्कार करते आणि सल्लागार पुष्कळ असावेत म्हणते. ज्या शलमोनाच्या नावावर हे पुस्तक आहे, त्याने देवाकडे मागितले तेच मुळी शहाणपण. टेकू नको म्हणजे वापरू नको, असा अर्थ लावणाऱ्याने आपल्याच बुद्धीला फार त्रास दिलेला नाही.

एक आक्षेप मात्र असा आहे की त्याला माझ्याजवळ सफाईदार उत्तर नाही. विश्वास एकाचा आणि उपास दुसऱ्याचा, असे अनेक घरांत होते. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या माणसाला रेव्हरंड ना. वा. टिळकांचे घर सांगायला नको. हातात आलेला पैसा टिळक कुणाला देऊन येतील याचा नेम नसे, आणि संध्याकाळी चूल कशावर पेटवायची हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली आणि देवाच्या भरवशावर राहायचे ठरवले. लक्ष्मीबाई हे सगळे हसतहसत लिहितात, म्हणून आपणही हसतहसत वाचतो. पण त्या हसण्याखाली रिकामे डबे आहेत. टिळकांच्या निष्ठेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरी माझे मत असे की स्वतःच्या पोटाचा भार देवावर टाकायचा हक्क प्रत्येकाला आहे. बायकोच्या पोटाचा भार तिला न विचारता टाकायचा कुणालाच नाही. अनंतशास्त्र्यांच्या घरातही निर्णय बापाचा होता आणि उपाशी राहिले सगळे. रमाबाईंनी जोखीम घेतली ती ज्यांना गमावण्यासारखे काही उरलेच नव्हते अशा मुलींसाठी. त्यांना न आणणे म्हणजे मरण किंवा त्याहून वाईट, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. हा फरक श्रद्धेच्या खोलीचा नाही, न्यायाचा आहे, आणि तो श्रद्धावंतांनी शिकायला हवा.

हा भरवसा बाईंना गरीब गाय करून गेला असेही कुणी समजू नये. १८९७ च्या प्लेगच्या बंदोबस्तात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रात इतके सडेतोड पत्र लिहिले की त्याची चर्चा विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेली. सगळे देव बघून घेईल म्हणणारी बाई सरकारला जाब विचारत बसत नाही. पुण्यात सनातन्यांशी, घरच्यासारख्या सुधारकांशी आणि चर्चच्या वरिष्ठांशी त्या आयुष्यभर भांडल्या. ५ एप्रिल १९२२ ला केडगावलाच वारल्या. एकुलती एक मुलगी मनोरमा आदल्या वर्षी गेली होती. संस्था पुढे कोण चालवणार याचा त्यांनी बांधलेला आडाखाही तिच्याबरोबर गेला. मुक्ती मात्र बंद पडली नाही. ती आजही केडगावला चालू आहे.

तेव्हा थट्टेकऱ्यांना माझी विनंती आहे की डोंगरे कुटुंबाचे उदाहरण जरूर द्या, पण अर्धे देऊ नका. आणि श्रद्धावंतांना सांगणे असे की ‘देव पुरवतो’ म्हणणाऱ्या प्रत्येक संस्थेकडे वह्या मागा. म्युलर आलेली पै न पै छापत असे. जो देवाच्या नावावर घेतो आणि हिशेब दाखवायला कचरतो, त्याला एक रुपयाही देऊ नका.